डार्विनची आठ वर्षे

मुंबईच्या हाजी अली दर्ग्याकडे जाणारी वाट तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. मोठ्या भरतीच्या वेळी तिच्यावर पाणी येते. ओहोटी लागली की पाणी मागे हटते, वाट मोकळी होते आणि दोन्ही बाजूंचे काळे खडक उघडे पडतात. त्या खडकांकडे नीट पाहा. चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढुरके, खरखरीत ठिपके दिसतील. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक ठिपका म्हणजे माथा कापलेला एक इवलासा डोंगरच! भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीचे चित्र असते ना, अगदी तसा. त्यावर अनवाणी पाय पडला तर रक्त निघाल्याशिवाय राहत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, धक्क्याच्या खांबांवर, होड्यांच्या तळांवर, सगळीकडे हे ठिपके आढळतात. पुष्कळ लोकांना तो खडकाचाच भाग वाटतो. पण तो दगड नाही. तो एक जिवंत प्राणी आहे. त्याचे नाव बार्नेकल.

या प्राण्यासाठी एका माणसाने आपल्या आयुष्याची आठ वर्षे दिली. त्याच्या घरी त्या वेळी एक हस्तलिखित पडून होते. ते छापले असते तर साऱ्या युरोपात खळबळ उडाली असती. ते बाजूला ठेवून हा माणूस रोज सकाळी सूक्ष्मदर्शकापुढे बसे आणि बार्नेकल कापून पाही. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी या गावी झाला. त्याचे वडील नामांकित डॉक्टर होते. घरी पैशाला तोटा नव्हता. आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. शाळेत तो फारसा हुशार गणला जात नसे. शिंपले, नाणी, दगड असे काहीबाही गोळा करण्याचा मात्र त्याला भारी नाद. मुलाने आपल्यासारखे डॉक्टर व्हावे म्हणून वडिलांनी 1825 साली त्याला एडिंबरोला पाठवले. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी रोगी अक्षरशः किंचाळत असे. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया डार्विनला पाहवेना. तो खोलीतून पळून गेला आणि पुन्हा कधी शस्त्रक्रिया पाहायला गेला नाही.

तरीही एडिंबरोची दोन वर्षे वाया गेली नाहीत. तेथे रॉबर्ट ग्रँट नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याबरोबर तो समुद्रकाठी हिंडे आणि ओहोटीच्या डबक्यांतले प्राणी गोळा करी. जॉन एडमनस्टन हे पूर्वी दक्षिण अमेरिकेतील गयानामध्ये गुलाम होते. आता ते स्वतंत्र झाले होते आणि एडिंबरोत राहत होते. त्यांच्याकडून डार्विन मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते टिकवण्याची कला शिकला. ही विद्या त्याला पुढे जन्मभर उपयोगी पडली.

डॉक्टरकी जमत नाही म्हटल्यावर वडिलांनी त्याला केंब्रिजला घातले. तेथे त्याला भुंगेरे गोळा करण्याचे वेड लागले. एकदा झाडाची जुनी साल सोलताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. त्याने दोन्ही हातांत एकेक धरला. इतक्यात तिसरा दिसला! आता काय करावे? डार्विनने उजव्या हातातला भुंगेरा चटकन तोंडात टाकला. त्या किड्याने इतका तिखट, झोंबणारा रस सोडला, की जीभ भाजल्यासारखी झाली. तोंडातला भुंगेराही गेला आणि तिसराही निसटला.

केंब्रिजचे प्राध्यापक हेन्स्लो यांचा या मुलावर जीव होता. त्यांच्या शिफारशीमुळे डार्विनला बीगल या जहाजावरून जगप्रवासाला जाण्याची संधी आली. वडिलांनी आधी साफ नकार दिला. शेवटी मामांनी मध्यस्थी केली तेव्हा कोठे परवानगी मिळाली. 27 डिसेंबर 1831 रोजी बीगल निघाले. डार्विन तेव्हा 22 वर्षांचा होता. दोन वर्षांत परत येऊ असे म्हणून निघालेले जहाज जवळजवळ पाच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1836 रोजी परतले. या प्रवासात डार्विनला सतत बोट लागे. उलट्यांनी तो हैराण होई. पण किनारा आला की तो दुसराच माणूस होई. डोंगर चढे, हाडे खणून काढी, किडे, पक्षी, मासे, वनस्पती सगळे गोळा करी. दारूच्या अर्कात बुडवून ठेवलेले नमुनेच सुमारे दीड हजार होते!

आपली गोष्ट सुरू होते ती यातल्या एका नमुन्यापासून.

1835 च्या जानेवारीत बीगल दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या किनाऱ्याला, चोनोस नावाच्या बेटांजवळ होते. तेथे डार्विनला एक मोठा शंख सापडला. शंखाच्या पाठीवर शेकडो बारीक छिद्रे होती. जणू कुणी सुईने टोचली असावीत. असे छिद्र दिसले तर आपण शंख फेकून देऊ. डार्विनने तो जहाजावर नेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. प्रत्येक छिद्रात टाचणीच्या डोक्याएवढा एक पिवळसर जीव बसलेला होता. त्याची ठेवण पाहून तो बार्नेकलच्या कुळातला असावा असे डार्विनला वाटले. पण बार्नेकल म्हटले की चुन्याचे कवच आलेच. याला तर कवच नव्हते! स्वतःचे घर न बांधता हा दुसऱ्याचे घर पोखरून आत राहत होता. डार्विनने वहीत टिपण केले, तो जीव बाटलीत घातला आणि बाटली इतर बाटल्यांबरोबर ठेवून दिली. ती पुढे अकरा वर्षे तशीच राहिली.

इंग्लंडला परतल्यावर डार्विनचे नाव झाले. 1839 साली त्याचे एमा वेजवुड हिच्याशी लग्न झाले. एमा त्याची मामेबहीण. 1842 साली लंडनचा धूर आणि गोंगाट सोडून ते केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहायला गेले. डार्विनची प्रकृती आता बिघडली होती. पोटात दुखे, उलट्या होत, रात्र रात्र झोप नसे. त्या दुखण्याचे नाव कोणत्याच डॉक्टरला नक्की सांगता आले नाही.

या काळात त्याच्या डोक्यात एक विचार पक्का होत चालला होता. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या जाती कायम एकसारख्या राहत नाहीत, त्या हळूहळू बदलत जातात, आणि हा बदल कसा होतो याचे कारण आपल्याला सापडले आहे, असे त्याला वाटत होते. या सिद्धांताविषयी तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकाल. त्यावर तेव्हा मोठे वाद झाले आणि पुढेही होत राहिले. येथे आपल्याला एवढेच पाहायचे आहे, की 1844 साली डार्विनने सुमारे 230 पानांचे टिपण लिहून काढले, पण ते छापले नाही. पाकिटात घालून ठेवले. आपला मृत्यू झाला तर हे छापावे आणि त्यासाठी 400 पौंड खर्च करावेत, असे पत्र त्याने एमासाठी लिहून ठेवले.

छापले का नाही? भीती हे एक कारण होतेच. त्याच वर्षी अशाच विषयावरचे एक निनावी पुस्तक लंडनमध्ये निघाले होते. शास्त्रज्ञांनी त्याच्या चिंधड्या केल्या होत्या. पण दुसरेही कारण होते आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. डार्विनचा मित्र जोसेफ हूकर हा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. 1845 साली पत्रातून बोलता बोलता त्याने सहज एक मत मांडले. ज्याने पुष्कळ जातींचा बारकाईने अभ्यास करून वर्णन केलेले नाही, त्याने जाती म्हणजे काय या प्रश्नात पडू नये, असा त्याचा रोख होता. हूकर हे दुसऱ्याच एका लेखकाविषयी बोलत होता. डार्विनने ते स्वतःला लावून घेतले. आपण दगडांवर लिहिले, बेटांवर लिहिले, पण एखाद्या प्राण्याचे सारे कुळ मुळापासून तपासले आहे का? नाही.

1 ऑक्टोबर 1846 रोजी त्याने चिलीच्या शंखाची ती बाटली उघडली. प्रवासात आणलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ हेच काम शिल्लक होते. काही महिन्यांत ते संपेल असा त्याचा अंदाज होता. त्या चिमुकल्या जीवाला त्याने अर्थ्रोबॅलॅनस असे नाव दिले होते आणि पत्रांत तो गमतीने त्याच्या नावापुढे श्रीयुत लावी. पण या श्रीयुतांचे नेमके स्थान ठरवायचे तर इतर बार्नेकल पाहायला हवेत. ते पाहायला गेला तर आढळले, की त्यांची वर्णने चुकीची आहेत, एकाच जातीला चार चार नावे दिलेली आहेत, आतले अवयव तर कुणी पाहिलेलेच नाहीत. एक दोरा ओढायला गेला आणि सारे कापडच उसवले. अखेर जगातले सगळे बार्नेकल, जिवंत आणि दगड झालेले, आपणच तपासायचे असे त्याने ठरवले.

बार्नेकलविषयी लोकांच्या कल्पना फार विचित्र होत्या. समुद्रातून वाहत येणाऱ्या लाकडांना लांब देठाचे एक जातीचे बार्नेकल चिकटलेले असतात. त्यांचा आकार पक्ष्याच्या मानेसारखा आणि चोचीसारखा दिसतो. युरोपच्या उत्तर भागात हिवाळ्यात एक हंसासारखे बदक येते. त्याचे घरटे आणि अंडी तेथे कुणालाच दिसत नसत, कारण ते दूर उत्तर ध्रुवाकडे अंडी घालते. मग लोकांनी तर्क लढवला, की हे बदक लाकडावरच्या या शिंपल्यांतूनच जन्माला येते! शेकडो वर्षे लोक ही गोष्ट खरी मानत. त्या बदकाला आजही इंग्रजीत बार्नेकलचेच नाव आहे. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने असे शिंपले मागवून उघडून पाहिले. आत पक्ष्यासारखे काहीच नव्हते. त्याने ही गोष्ट खोटी ठरवली. तरी लोकांनी ती सोडली नाही.

पुढच्या काळातले विद्वानही चुकले. चुन्याचे कवच पाहून त्यांनी बार्नेकलला शिंपले आणि गोगलगाय यांच्या वर्गात बसवले. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हीच चूक केली. खरा प्रकार उजेडात आणला तो जॉन व्हॉन टॉम्सन या लष्करी डॉक्टरने. त्याने 1826 साली आयर्लंडजवळच्या समुद्रातून काही पारदर्शक, पोहणारे जीव पकडले आणि काचेच्या भांड्यात ठेवले. काही दिवसांनी पाहतो तो ते जीव भांड्याच्या तळाला चिकटून बसलेले आणि त्यांचे बार्नेकल झालेले! 1830 साली त्याने हे प्रसिद्ध केले. म्हणजे बार्नेकल हा शिंपल्याचा भाऊबंद नव्हे. तो कोळंबी आणि खेकडा यांच्या कुळातला आहे.

हे कसे ते थोडे समजून घेऊ. बार्नेकलच्या अंड्यातून एक डोळ्याचे आणि तीन पायजोड्यांचे पिल्लू बाहेर पडते. ते पाण्यात पोहते, खाते, कात टाकते. अनेकदा कात टाकल्यावर त्याचे रूप बदलते. आता त्याला दोन झडपांचे पातळ कवच येते. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या अवस्थेत ते काहीही खात नाही. त्याला एकच काम असते, जन्मभर राहण्याची जागा शोधणे. डोक्यावरच्या दोन मिशांनी ते खडक चाचपते, चार पावले चालते, जागा पसंत पडली नाही तर पुढे जाते. जेथे आधीच बार्नेकल वसलेले असतील ती जागा त्याला अधिक आवडते. आपल्यालाही नव्या गावात आपली माणसे जवळ असलेली बरी वाटतात, तसेच. जागा ठरली की ते डोके खाली टेकवते आणि मिशांतून चिकट रस सोडून स्वतःला कायमचे चिकटवून घेते. मग अंगाभोवती चुन्याच्या पाट्यांचे घर उभे राहते. वर दार असते. भरतीचे पाणी आले की दार उघडते आणि सहा जोड्या पाय बाहेर येतात. ते पिसासारखे मऊ असतात. पंजा उघडावा आणि मिटावा तसे ते पाण्यात फिरतात आणि बारीक जीव पकडून आत नेतात. ओहोटीला दार घट्ट बंद. आत थोडे पाणी धरून ठेवलेले असते, त्यावर उन्हाचे तास निघतात. डोके जमिनीत, पाय आकाशात आणि पायांनीच जेवण! माणसाने असे दिवस काढायचे ठरवले तर कसे होईल?

डार्विनने नवा सूक्ष्मदर्शक घेतला. पाण्याने भरलेल्या उथळ बशीत बार्नेकल ठेवून तो बारीक सुया आणि कात्र्यांनी तो उलगडी. हात थरथरू नये म्हणून मनगटांखाली लाकडाचे ठोकळे ठेवी. ब्रिटिश म्युझियमने आपला सारा संग्रह त्याला वापरायला दिला. अमेरिका आणि युरोपातून, ओळखीच्या आणि अनोळखी संग्राहकांकडून टपालाने पेट्या येऊ लागल्या. पेटीत काय, तर व्हेल माशाच्या कातडीवरचे, कासवाच्या पाठीवरचे, जहाजाच्या तळाचे बार्नेकल. घरभर अर्काचा वास. रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त काम करण्याची ताकद त्याच्यात नव्हती. पण तो नेमाने बसे. घरातल्या लहान मुलांनी जन्मापासून हेच पाहिले होते. त्यातला एक मुलगा एकदा शेजाऱ्यांकडे गेला. त्या घरच्या वडिलांविषयी त्याने विचारले, की ते आपले बार्नेकल कोठे बसून करतात? सगळेच वडील घरी बसून बार्नेकल करतात अशी त्याची समजूत होती!

बहुतेक बार्नेकल उभयलिंगी असतात. म्हणजे एकाच प्राण्यात नर आणि मादी दोघांचे अवयव असतात. 1848 साली डार्विन फिलिपाईन्सहून आलेली एक जात तपासत होता. त्यात नराचे अवयव कोठेच सापडेनात. सगळ्या माद्याच. मात्र प्रत्येक मादीच्या अंगाला एक-दोन बारीक किडे चिकटलेले होते. ते उवांसारखे परजीवी असतील असे समजून पहिल्यांदा त्याने तिकडे दुर्लक्ष केले. मग शंका आली. तो किडा त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि चकित झाला. तो किडा नव्हता, तो त्या मादीचा नर होता! मादीच्या मानाने अगदी क्षुद्र, जन्मभर तिच्याच अंगाला चिकटून राहणारा. दुसऱ्या एका जातीत तर याहून नवल निघाले. तेथे मोठे प्राणी उभयलिंगी होते आणि शिवाय त्यांना असे बुटके नरही चिकटलेले होते. उभयलिंगी प्राण्यांपासून नर आणि मादी वेगळे कसे होत गेले असतील, याची वाटेतली पायरीच डार्विनला दिसली असे त्याला वाटले. चिलीच्या श्रीयुतांचे काय झाले म्हणाल, तर त्या शंखात सापडलेल्या मोठ्या जीवांपैकी एकही श्रीयुत नव्हता. त्या सगळ्या श्रीमती होत्या. श्रीयुत त्यांच्या अंगावर ठिपक्याएवढे बसलेले होते.

ही वर्षे सुखाची नव्हती. 1848 च्या नोव्हेंबरात डार्विनचे वडील वारले. तो स्वतः इतका आजारी होता, की दफनाच्या वेळी पोहोचू शकला नाही. 1849 साली तो सहकुटुंब माल्व्हर्न या गावी थंड पाण्याचे उपचार घेण्यासाठी काही महिने राहिला. पहाटे थंड पाण्याने अंग चोळायचे, ओल्या कापडात गुंडाळून पडायचे, असले ते उपचार. त्यांनी त्याला थोडा आराम पडला. म्हणून जेव्हा त्याची मोठी मुलगी अॅनी आजारी पडली, तेव्हा 1851 च्या मार्चमध्ये त्याने तिला मोठ्या आशेने तेथेच नेले. अॅनी दहा वर्षांची होती. घरातली सर्वांची लाडकी. वडील काम करत असताना खोलीत डोकावणारी, त्यांचे केस विंचरणारी, त्यांच्याबरोबर बागेत चालणारी. माल्व्हर्नला तिचा ताप वाढला. एमाचे दिवस भरत आले होते, तिला प्रवास करणे शक्य नव्हते. डार्विन मुलीच्या उशाशी होता. रोज तो एमाला पत्र लिही. एका पत्रात आशा, दुसऱ्या पत्रात निराशा. 23 एप्रिल 1851 रोजी दुपारी अॅनी गेली.

आठवड्याभराने डार्विनने तिच्या आठवणी काही पानांवर लिहून काढल्या. मग तो पुन्हा बार्नेकलकडे वळला. त्याच वर्षी त्याचे पहिले पुस्तक निघाले. त्या पुस्तकातली मोजमापे आणि आकृत्या पाहताना हे दुःख कोठेच दिसत नाही. ते दिसावे असे ते पुस्तकही नव्हते.

कामाचा कंटाळा येत नव्हता असे नाही. बार्नेकलचा त्याला संताप येऊ लागला होता. कारण कोणतेही दोन बार्नेकल सारखे निघेनात. एक जात म्हणून लिहावे, तर काही नमुन्यांत इतका फरक, की दोन जाती करणे भाग पडे. मग मधले नमुने सापडत आणि ते कागद फाडून पुन्हा एकच जात करावी लागे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ही कसली कटकट! डार्विनही वैतागे. पण याच कटकटीत त्याच्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर लपलेले होते. निसर्गात प्रत्येक प्राण्यात, प्रत्येक अवयवात थोडाथोडा फरक असतोच. जाती म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पाकिटातल्या त्या टिपणात त्याने हे तर्काने मांडले होते. आता हजारो नमुने कापून त्याने ते डोळ्यांनी पाहिले.

1853 च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला पदक दिले. 1854 साली दुसरे मोठे पुस्तक निघाले. दोन्ही मिळून हजाराहून अधिक पाने. शिवाय दगड झालेल्या प्राचीन बार्नेकलवर आणखी दोन छोटी पुस्तके. आठ वर्षांपैकी सुमारे दोन वर्षे आजारपणातच गेली होती. त्या काळच्या एका प्रसिद्ध कादंबरीकाराने शिंपल्यांवर दोन जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या प्राध्यापकाची थट्टा केली, तेव्हा ती आपलीच थट्टा आहे हे डार्विनने ओळखले. या कामाला इतका वेळ द्यायला हवा होता का, अशी शंका पुढे त्याला स्वतःलाही आली.

इतकी काळजी घेऊनही त्याच्या हातून चुका झाल्या. बार्नेकलचा चिकट रस तयार करणाऱ्या ग्रंथींचा संबंध त्याने अंडाशयाशी जोडला होता. प्राण्याच्या अंगावरच्या दोन छिद्रांना त्याने कान समजले होते. 1859 साली ऑगस्ट क्रोन या शास्त्रज्ञाने दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत हे दाखवले. ते कान नसून अंडी बाहेर येण्याचे मार्ग होते. डार्विन तोपर्यंत या विषयाचा जगातला सर्वांत मोठा जाणकार झाला होता. त्याने वाद घातला नाही. चूक आपली आहे असे त्याने उघडपणे मान्य केले.

9 सप्टेंबर 1854 रोजी शेवटच्या पेट्या बांधून झाल्या आणि त्याच दिवशी डार्विनने जातींविषयीची आपली जुनी टिपणे लावायला घेतली. 1858 च्या जूनमध्ये आल्फ्रेड वॉलेस या तरुण संशोधकाचे पत्र दूर पूर्वेच्या बेटांवरून आले. त्यालाही तोच विचार सुचला होता. 1 जुलै 1858 रोजी दोघांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एकत्र वाचले गेले. त्यानंतर 24 नोव्हेंबर 1859 रोजी डार्विनचे ते प्रसिद्ध पुस्तक बाहेर पडले. त्यावर टीकेचा पाऊस पडला. पण प्राण्यांच्या जातींविषयी बोलण्याचा याला काय अधिकार, असे आता कुणाला सहज म्हणता येईना.

बार्नेकलचा आणि माणसाचा संबंध मात्र फार जुना आहे, आणि तो मुख्यतः भांडणाचा आहे. जहाजाच्या तळाला बार्नेकल बसले की तळ खरखरीत होतो. पाणी त्याला अडवते, जहाजाचा वेग घटतो आणि इंधन जास्त जळते. शिडांच्या काळात तर प्रवासच लांबत. म्हणून अठराव्या शतकात लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकू लागले. तांब्यावर हे प्राणी सहसा वाढत नाहीत. बीगललाही असे पत्रे होते. 1834 च्या एप्रिलमध्ये पॅटागोनियात सांता क्रूझ नदीच्या मुखाशी जहाज किनाऱ्यावर ओढून तळाची दुरुस्ती केली होती. आपले कोळी बांधवही होडी वर ओढली की तळ खरवडतात, ते याच कारणाने. विसाव्या शतकात जहाजांना कथिलयुक्त विषारी रंग देऊ लागले. बार्नेकल मरत, पण त्याबरोबर कालवे आणि गोगलगायीही बाधित होत. शेवटी 2001 साली आंतरराष्ट्रीय करार होऊन त्या रंगांवर बंदी ठरली आणि 2008 पासून ती लागू झाली.

भांडणाबरोबर देवाणघेवाणही आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये देठाचे बार्नेकल महाग पक्वान्न म्हणून विकले जातात. लाटांच्या माऱ्यातून ते काढताना माणसांचा जीव धोक्यात येतो. चिलीमध्ये तर वीतभर उंचीचे बार्नेकल रश्श्यात घालून खातात. आणि तो चिकट रस? ओल्या, खारट, शेवाळलेल्या दगडाला घट्ट धरणारा असा डिंक माणसाला अजून सहज बनवता येत नाही. 2021 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी बार्नेकलच्या या डिंकावरून कल्पना घेऊन एक लेप तयार केला. रक्ताने भिजलेल्या जखमेलाही तो चिकटतो आणि रक्त थांबवतो. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने काही सेकंदांतच काम केले.

डार्विनचा मृत्यू 19 एप्रिल 1882 रोजी डाऊन येथील घरी झाला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेत, इंग्लंडच्या थोर माणसांशेजारी त्याचे दफन झाले. त्याने काचेच्या पट्ट्यांवर लावलेले बार्नेकलचे बारीक अवयव केंब्रिजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात आजही जपून ठेवले आहेत.

1854 च्या पुस्तकात डार्विनने एका पट्टेदार बार्नेकलला अँफिट्राइट हे नाव दिले. ते ग्रीक कथांतल्या समुद्रराणीचे नाव. उष्ण प्रदेशांतल्या बंदरांत ही जात फार आढळते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत शास्त्रज्ञांनी तिच्या पिल्लांचा अभ्यास केला आहे, कारण आपल्या जहाजांना त्रास देणाऱ्यांत ती पुढे आहे. मुंबई बंदरातही ती आहे. भाऊच्या धक्क्यावरून कधी लाँचमध्ये बसलात तर ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या खांबांकडे पाहा. पाण्याच्या रेषेवर पांढरे, जांभळ्या पट्ट्यांचे छोटे डोंगर दाटीवाटीने बसलेले असतील. पाणी चढू लागले की त्यांची दारे उघडतात.